आधीची प्रत पुसायची का?

घरात आपलाही काही उपयोग आहे हे सिद्ध करण्याची हुक्की माणसाला नेमकी नको त्या वेळी येते. माझी पत्नी मागच्या खोलीत बोलक्या पुस्तकांचा स्टुडिओ चालवते. तिथे शिलाई मशीनएवढा एक सर्व्हर दिवसभर गुरगुरत असतो आणि सगळी ध्वनिमुद्रणे त्याच्या पोटात असतात. तो बसला तर धंदाही बसेल, म्हणून दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क घराबाहेर ठेवा, असे सर्व्हर लावून देणाऱ्या इंजिनिअरने बजावले होते.

"हे काम माझ्याकडे दे," मी म्हणालो. "राक्षस आपला प्राण स्वतःजवळ ठेवत नाही, दूरच्या एखाद्या पोपटात ठेवतो. या कथाबीजावर माझा प्रबंध आहे."

"प्रबंध असू दे हो. बटण दाबता येईल ना?"

(लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे समाज याच नजरेने पाहतो.)

दुसऱ्या शनिवारपासून डिस्क जोडली की पडद्यावर प्रश्न येई : 'आधीची प्रत पुसून नवी ठेवायची का?' आता, जुना पाठ पुसून त्यावर नवा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजवर उत्तीर्ण केलेले नाही. त्यामुळे मी दर वेळी बाणेदारपणे 'नाही' दाबत असे. पडद्यावर 'धन्यवाद' उमटे (ती मी दाद समजत असे) आणि डिस्क विद्यापीठातल्या माझ्या कपाटात कुलूपबंद होई.

त्याच काळात सासरे स्टुडिओत मुलांच्या गोष्टींचे एक पुस्तक वाचत होते. प्रकृती ढासळली होती. चार ओळी वाचत, थांबत, घोटभर पाणी पीत, पुन्हा वाचत. पुस्तक संपले आणि थोड्याच दिवसांत ते गेले. पत्नीने ते ध्वनिमुद्रण उघडले नाही. "धीर होईल तेव्हा ऐकेन," एवढेच ती म्हणाली.

मग एका दुपारी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि सर्व्हरने जळका वास सोडून देह ठेवला. आतल्या दोन्ही डिस्क गेल्या. खरे सांगायचे तर, मी मनातून सुखावलो होतो. कपाटातली डिस्क छातीशी धरून मी विजयी वीरासारखा घरात शिरलो.

इंजिनिअरने ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि आतल्या फाइलींच्या तारखा पाहिल्या.

"सर, यात पहिल्या शनिवारचाच बॅकअप आहे."

"म्हणजे सर्वांत अस्सल पाठ."

"पुढचे कुठे गेले?"

"तो पुसायचं का विचारायचा. मी हो कसं म्हणणार?"

"अहो सर, नाही म्हटलंत की तो काही न करता बंद होतो! कधी उघडून बघितलंत का, सगळं परत येतंय का ते?"

पत्नी दारात उभी होती. "बाबांचं पुस्तक?" तिने विचारले.

इंजिनिअरने नकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते. ती आत गेली आणि मायक्रोफोनवर आच्छादन घालून आली.

ग्राहकांची पुस्तके त्यांच्याकडच्या प्रतींवरून परत मिळाली, धंदा सावरला. जळलेल्या डिस्क मात्र तज्ज्ञाकडून जशा गेल्या तशाच परत आल्या. त्या दिवसांत आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. प्राण दूर ठेवण्याविषयी मी प्रबंध लिहिला होता. तो प्राण वेळोवेळी तिथे नेऊन ठेवावा लागतो, हे त्यात कुठेच नव्हते.

एका संध्याकाळी स्टुडिओतून सासऱ्यांचा आवाज आला. मी धावलो. पत्नीने पहिल्या शनिवारचा बॅकअप उघडला होता. त्यात वाचन सुरू होण्याआधीची, मायक्रोफोन तपासतानाची एक छोटी फाइल होती.

"अगं, चालू झालं का हे?"

"झालं बाबा. बोला काहीही."

"काय बोलू? ही वायर कोणी जोडली? जावईबापूंनी?"

"हो."

"मग थांब, मी वाचत नाही. आधी कोणातरी जाणत्या माणसाला बोलाव."

पुढे दोघांचे हसणे होते आणि त्यांचा खोकला. पत्नी हसली, मग हुंदका देऊन रडली, मग तिने ते पुन्हा लावले.

आता त्या फाइलच्या प्रती घरी आहेत, इंजिनिअरकडे आहेत, मेहुण्याकडेही आहेत. बॅकअप पत्नी स्वतः घेते आणि दर शनिवारी एक प्रत उघडून तपासते. मला शेजारी बसवते.

"येतंय ना स्पष्ट?" ती विचारते.

"एकेक शब्द," मी सांगतो.