एका शर्टावर कसारा

थंडी म्हणजे काय असतं, हे वसईच्या माणसाला कधी विचारलंय तुम्ही? तो सांगेल, जानेवारीत पहाटे पंखा पाचवरून दोनवर आणावा लागतो, ती थंडी. जयवंत याच समजुतीवर वाढला होता, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

पण पाच वर्षांपूर्वी तो डिसेंबरात नाशिकला, सासुरवाडीला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेला. पहिल्याच संध्याकाळी दात वाजायला लागले. तीन गोधड्या, गरम पाण्याची पिशवी आणि सासूबाईंचा सुंठीचा काढा यांच्या जिवावर त्याने तीन दिवस काढले. तेव्हापासून नाशकात त्याचं नाव झालं. (नाव व्हावं असं त्याला वाटत होतंच, पण ते या कारणाने नव्हे.) मे महिन्यात गेला तरी सासूबाई शाल आणून द्यायच्या. सासरे रामचंद्रराव, म्हणजे नाना, नुसते उठून त्याच्या बाजूची खिडकी लावायचे. ती खिडकी जयवंतला फार लागायची. नाना म्हणजे सरळ, अबोल, उभा जन्म जमीन मोजणी खात्यात घालवलेला माणूस. जयवंतला त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता, आणि या एका माणसापुढे तरी आपण ताठ उभं राहावं अशी त्याची इच्छा होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत नानांची पंच्याहत्तरी ठरली. जयवंतने दिवाळीत मोटारसायकल घेतली होती. त्याची बायको सुमेधा मुलीला, उन्नतीला, घेऊन दोन दिवस आधी एसटीने निघाली, तेव्हा जयवंतने जाहीर केलं, "मी गाडीने येणार."

"या थंडीत?"

"कसली थंडी?"

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं. "स्वेटर कपाटात वरच्या खणात आहे. नानांनीच दिलेला."

"स्वेटर घालून आलो तर काय मिळवलं? एका शर्टावर येणार."

ती फक्त सुंठ संपलीय का, ते आईला विचारायला हवं, असं पुटपुटली.

बोलून बसल्यावर जयवंतला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने क्लेमेंटला गाठलं. क्लेमेंट वसईजवळच्या गास गावचा, घरची केळीची वाडी असलेला.

"जयवंतभाऊ, सोपटं बांध," क्लेमेंट म्हणाला.

केळीच्या खोडाच्या सुकलेल्या साली म्हणजे सोपटं. क्लेमेंटची आई बर्थाबाई सुकेळी करायची. उन्हात वाळवलेली ती गोड केळी सोपटातच घट्ट बांधून ठेवायची. "आमचे आजोबा पहाटे भाजीची गाडी घेऊन निघायचे ते छातीला सोपटं बांधून. वारा शिरायची बिशाद नाही. वरून दिसत पण नाही."

संध्याकाळी जयवंत गासला गेला. नानांसाठी सुकेळ्यांची दोन बंडलं घेतली. पडवीत सोपटांचे दोन ढीग होते. "डावीकडची घ्या, भाऊ, ती कोरी आहेत," असं सांगून बर्थाबाई चहा आणायला आत गेल्या. जयवंतने पाहिलं. डाव्या ढिगावर धूळ होती. उजवीकडची सोपटं कशी पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. त्याने उजवीकडची घेतली. हाताला जरा चिकटली, पण चिकट आहेत म्हणजे अंगाला घट्ट बसतील, असा त्याने विचार केला. (तो असा विचार करतो, तेव्हा सुमेधा सहसा जवळ असते. त्या दिवशी नव्हती.)

पहाटे पाचला तो निघाला. छातीला, पाठीला, गुडघ्यांना सोपटं, त्यावर सुतळी, आणि वर एक शर्ट. चिंचोटी, कामण करत भिवंडीत शिरला. वसईत हॉर्न वाजवला की ओळखीचा माणूस गप्पा मारायला थांबतो. भिवंडीत कापडाच्या गाठी लादलेल्या टेम्पोंच्या गर्दीत तो कुणाला ऐकूच जात नाही. पुढे कसाऱ्याचा घाट लागला. वारा समोरून धडका देत होता आणि छातीवर आपटून मुकाट बाजूला जात होता. ब्लँकेट गुंडाळलेले ट्रकवाले खिडकीतून मान काढून या एकशर्टी माणसाकडे बघत होते. जयवंतने मनातल्या मनात क्लेमेंटच्या आजोबांना हात जोडले. मनातल्या मनातच, कारण खरे हात केव्हाच बधिर झाले होते. इगतपुरीला चहाला थांबला तर बोटं हँडलच्याच आकारात राहिलेली. त्यात ग्लास मात्र छान बसला.

"साहेब, एका शर्टावर?" चहावाल्याने विचारलं.

"सवय आहे," जयवंत म्हणाला. कोपर उचललं की खर्र आवाज येत होता, म्हणून त्याने मानच ग्लासाकडे नेली.

नाशिकच्या सिग्नलवर त्याने वसईच्या सवयीने हॉर्न दिला, तर स्कार्फ बांधलेल्या एक आजी मोपेडवरून वळून म्हणाल्या, "घाई आहे तर काल निघायचं."

घरापुढे सगळे स्वेटर, मफलर घालून उन्हाला बसले होते. तो उतरला आणि बोलणं थांबलं.

"दाजी, स्वेटर कुठंय?" मेहुण्याने, नीलेशने, विचारलं.

"कशाला?"

दोन स्वेटर आणि माकडटोपी घातलेले नाना पायऱ्या उतरून आले. त्याच्याभोवती एक चक्कर मारली. पाठीवर थाप मारली. खर्र झालं. नाना क्षणभर थांबले, मग म्हणाले, "शाबास, जयवंतराव. एका शर्टावर कसारा चढून आलात."

सासूबाईंनी, प्रेमलताबाईंनी, हातातली शाल परत कपाटात ठेवली. ती कपाटात जाताना जयवंतने डोळे भरून पाहिली.

त्याला आंघोळ करून सोपटं सोडायची होती, पण गुरुजींना पुढचं काम होतं. "हातपाय धुवा आणि बसा नानांच्या शेजारी," असा हुकूम झाला. औक्षणाला पंच्याहत्तर दिवे लागले. वाऱ्याने विझू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद. खोली उबदार झाली. जयवंतलाही बरं वाटलं. आणि त्याच्याबरोबर आणखी काही जणांना बरं वाटलं.

उजवीकडची सोपटं सुकेळी सोडून झाल्यावर चुलीत घालायला ठेवलेली होती. ती चकाकत होती ते त्यांना लागलेल्या गोड पाकाने. त्या पाकात गासच्या मुंग्या थंडीने गोठून वसईपासून नाशिकपर्यंत गाढ झोपून आल्या होत्या. त्या आता उठल्या.

जयवंत ताठ बसला. मग डावीकडे कलला. मग उजवीकडे.

"अहो, हलताय काय?" सुमेधा कुजबुजली.

"भारावलोय."

"साहेब, जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच एक मुंगी काखेत पोचली. जयवंत असा हसला की पाच दिवे विझले.

"आई," उन्नती म्हणाली, "बाबांच्या कॉलरमधून मुंग्या येतायत. रांगेत."

पाच वर्षांनी मिळालेली शाबासकी आता जाणार, हे जयवंतला कळलं. त्याने डोळे मिटले. तेवढ्यात नाना उठले.

"सुकेळ्यांच्या बंडलांना लागल्या असतील. गाडीवर बांधून आणलीत ना? चला जयवंतराव, झटकून येऊ."

"अहो, औक्षण अर्धं राहिलंय," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"पंच्याहत्तरी पळून जात नाही."

मागच्या मोरीत नानांनी स्वतः सुतळ्या सोडल्या. एक सोपट उजेडात धरलं, वाकवून पाहिलं, वास घेतला.

"आम्ही वर्तमानपत्रं घालायचो," ते म्हणाले. "फटफटीवर हिंडलो ना सगळीकडे. धुळ्याला वारा समोरून, साताऱ्याला बाजूने, आणि बेळगावला कुठून येतो ते अजून कळलं नाही. पाठीवर थाप मारली तेव्हाच समजलं आत काहीतरी आहे. पण कागद असा वाजत नाही."

"मग बोलला का नाहीत, नाना?"

"कशाला? मीही सगळ्यांना हेच सांगायचो, एका शर्टावर हिंडतो म्हणून." नानांनी आणखी एक सोपट उलटून पाहिलं. "कागद दवाने भिजतो. हे भिजत नाही. हुशार लोक आहेत तुमच्याकडचे."

नानांनी सगळी सोपटं धुऊन गच्चीवर उन्हात पसरली, आणि मग दोघं औक्षणाला जाऊन बसले. औक्षण झाल्यावर नानांनी खिडक्या उघडल्या, जयवंतच्या बाजूचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नानांनी छातीला सोपटं बांधली, वर एकच शर्ट घातला, आणि मोटारसायकल गल्लीतून तीन वेळा फिरवून आणली. सोपटं एकालाच पुरण्याइतकी असल्यामुळे जयवंत मागच्या सीटवर स्वेटर, माकडटोपी आणि प्रेमलताबाईंची शाल पांघरून बसला होता.