वळणावर अडखळणाऱ्या ट्रकबाबत

वडिलांचा संगणक वळणावर अडखळतो, ही बाब एका रविवारी सकाळी माझ्या निदर्शनास आली. खरं तर अडखळत होता तो पडद्यावरचा ट्रक. पण दोष नेहमी एक पायरी वर ढकलून नोंदवायचा, अशी आमच्या कार्यालयाची शिस्त आहे, म्हणून संगणक म्हणते.

मी सुलभीकरण कक्षात अधिकारी आहे. दुसऱ्यांच्या कामात जे जे अडतं ते शोधायचं आणि काढून टाकायचं, एवढंच माझं काम. गेल्या वर्षी आम्ही प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या काढल्या. खुर्च्या गेल्यावर ताटकळणारे लोक निम्म्यावर आले. उरलेले निम्मे कुठे गेले, हा वेगळ्या कक्षाचा विषय आहे.

बाबांनी जन्मभर नकाशा विभागात बसून रस्ते आखले, पण गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकदम ट्रकच चालवायला घेतला, अर्थात पडद्यावर. तो गेम कोणालाही कंटाळा येईल असा होता. त्यात ना शत्रू, ना खजिना. माल भरायचा, सिग्नल पाळायचे, पोचायचं आणि माल उतरवायचा. बाबा टेबलाला अडकवलेलं प्लास्टिकचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ताठ बसत आणि शेजारी स्टुलावर आई मटार सोलत बसे.

बाबा गेले तेव्हा त्यांचा ट्रक एका घाटाच्या पायथ्याशी उभा होता. मागे खिडक्यांच्या काचा भरलेल्या होत्या आणि त्या पलीकडच्या गावी पोचवायच्या होत्या. भेटायला येणारी माणसं कमी झाल्यावर आई स्टुलावरून उठून बाबांच्या खुर्चीत बसली. रोज संध्याकाळी ती ट्रक थोडासा पुढे न्यायची, रस्त्याकडेला थांब्याची जागा बघून उभा करायची आणि संगणक बंद करायची. त्या काचा पोचल्या की बाबांनी हाती घेतलेलं शेवटचं काम संपणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून 'अजून किती राहिलं?' असं तिला कोणी विचारत नसे.

त्या रविवारी ती माझ्या आग्रहावरून सकाळीच बसली होती. वळण आलं आणि चित्र जागच्या जागी थिजलं. आईने हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि मान वळवून रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मानेवर ताण येतो, अशी मी मनातल्या मनात नोंद केली.

"हा नेहमी असा अडकतो?"

"अडकत नाही गं, विचार करतो."

"आई, ट्रक विचार करत नाही."

"हे तसंच म्हणायचे. थांब, विचार करतोय तो."

आईने तक्रार केली नव्हती. आमच्या कक्षात अशा तक्रारीला सुप्त तक्रार म्हणतात. तिचं निवारण सगळ्यात आधी होतं, कारण तक्रारदार मध्ये लुडबुडत नाही.

मी आतेभावाला बोलावलं. त्याला सगळे टर्बो म्हणतात. कुठलंही यंत्र समोर आलं की तो एकच प्रश्न विचारतो: अजून किती पळेल? त्याच्या स्वतःच्या संगणकाला काचेची भिंत आहे आणि आत रंग बदलणारे दिवे आहेत. त्यावर तो कुठला गेम खेळतो ते आजवर कोणाला कळलेलं नाही, कारण तो कायम खेळण्याच्या तयारीतच असतो.

टर्बोने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सुरू केला. दर सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात, ते तो आकडा सांगतो. वळणावर तो खाली आला तेव्हा टर्बोने, नाडी हाताला न लागल्यावर डॉक्टर करतात तसा, चेहरा केला.

"मामी, यात ड्रायव्हर जुना झालाय. तो काढून नवा टाकावा लागेल."

टर्बोला आपण काय बोलून बसलो ते उशिराने कळलं आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे सॉफ्टवेअरमधला, मामी. पडद्याचा. त्याला ड्रायव्हरच म्हणतात. मी काय..."

"जुना गेला," आई म्हणाली. "नवीन मी आहे. तुला आतला कोण बदलायचा तो बदल."

नवा ड्रायव्हर आला आणि त्याने लगेच जागा मागितली. पडद्यावर सूचना आली: जागा मोकळी करा. गेले काही आठवडे घरी येणारा प्रत्येक माणूस आईला 'मोकळी हो' असं सांगून जात होता आणि आई प्रत्येकाला चहा देत होती. संगणक चहा पीत नाही, म्हणून आम्ही खरंच जागा मोकळी केली. एकमेकांवर पाळत ठेवणारे तीन पहारेकरी प्रोग्राम निघाले, ते काढले. पूर्वी आम्ही राहायचो त्या गावाचं हवामान सांगणारा एक प्रोग्राम निघाला. तिथे आता आमचं कोणी नाही, तेव्हा तिथे पाऊस पडतो की नाही हे बाबांना कशाला हवं होतं, हे मला कळलं नाही. तोही काढला. शेवटी 'तात्पुरत्या फायली' सापडल्या, वर्षानुवर्षं साचलेल्या. आमच्या घरात टिकतात त्या तात्पुरत्याच गोष्टी. त्या पुसायला टर्बोला जेवणानंतरची सगळी दुपार लागली.

आकडा थोडा हलला, पण वळणावर पुन्हा बसला.

"चित्रातला बोजा उतरवावा लागेल," टर्बो म्हणाला.

आम्ही सावल्या बंद केल्या.

"ट्रकला सावली का नाही?" आईने विचारलं.

"सावलीला फार ताकद लागते, आई."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो, लागते," ती म्हणाली.

मग पानं बंद केली, मग झाडं. पाण्यात काही दिसायचं बंद झालं, मग पाणीच बंद झालं. समोरून येणारी वाहनं बंद केल्यावर आकडा असा उसळला की टर्बोने टाळी वाजवली.

"आणि डोंगर कुठे गेले?"

"डोंगर लांब असतात, मामी. आपण लांबचं दिसणं कमी केलंय."

"मग हा घाट कशाचा?"

टर्बोने विचार केला. "चढ तेवढा ठेवलाय," तो म्हणाला.

रस्त्याच्या कडेच्या वस्तू, म्हणजे फलक, कठडे, दिवे, थांबे, मी स्वतःच्या हाताने बंद केल्या. चालकाचं लक्ष रस्त्यावर असावं, कडेला नव्हे, असं मी तेव्हा म्हणाले. हे वाक्य मी कार्यालयातही वापरते.

आता करड्या रंगाच्या पोकळीतून एक करडी पट्टी जात होती आणि तिच्यावर आमचा ट्रक होता. पण पट्टी वळली की अजूनही एक बारीकसा हिसका बसे. दोष संगणकात उरला नसेल तर तो घरात आहे, हे ओघानेच आलं. टर्बोच्या मते यंत्र तापत होतं. मी खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी होती. आईने स्वेटर घातला, त्यावर शाल घेतली, पण शालीचे धागे संगणकाच्या पंख्यात जातील म्हणून टर्बोने ती काढायला लावली. फ्रिजमुळे विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून फ्रिज बंद केला. इंटरनेटवर भार नको म्हणून सगळे फोन बंद केले. भिंतीवरच्या घड्याळाचा संगणकाशी काय संबंध, हे मला आता सांगता येणार नाही, पण त्याचाही सेल मी काढला. पार्श्वभूमीत जे काही चालू आहे ते सगळं थांबवायचं, असं एकदा ठरलं की कुठे थांबायचं ते ठरवणारा कक्ष आमच्याकडे नाही.

एकदा टर्बोलाही वाटलं असावं की हे फार होतंय. मी स्वयंपाकघरात फ्रिजमधलं दूध बाहेर काढत असताना तो हळू आवाजात आईशी बोलत होता.

"मामी, तुम्हाला खरंच एवढं स्मूद हवंय का?"

"मला काय करायचंय? तिला करू दे रे. हे गेल्यापासून तिला एका जागी बसवतच नाही."

मी ते ऐकलं. ऐकल्यावर बाहेर जाऊन बसायला हवं होतं. मी दुधाचं भांडं पुसून काढलं. बाहेरून ते आधीच स्वच्छ होतं.

ऊन कललं तेव्हा सगळी तयारी झाली. आई गार खोलीत खुर्चीत बसली, तिच्या मागे आम्ही दोघं उभे राहिलो. ट्रक सुटला. पहिल्या वळणावर आकडा ढळला नाही, दुसऱ्या वळणावर उलट वाढला. लोण्यातून सुरी फिरावी तसा ट्रक निघाला होता.

"आई, बघ!"

"काय बघू? काहीच नाहीये."

"आकडा बघ, कोपऱ्यातला!"

आम्ही दोघंही रस्ता पाहतच नव्हतो, डोळे कोपऱ्यात लावून उभे होतो. आकड्याने शंभरी ओलांडली तेव्हा टर्बोने मला मिठी मारली. बाबा गेल्यापासून मी इतकी खूश कधीच झाले नव्हते, हे मला नमूद करायला हवं.

"पुरे झालं आता आजच्यापुरतं," आई म्हणाली. "थांबा कुठे आहे? गाडी कुठे लावू?"

आम्ही थांबा शोधला. थांबा ही रस्त्याच्या कडेची वस्तू होती.

"ब्रेक दाब, आई."

"मधोमध कशी उभी करू? हे कधी मधोमध उभी करायचे नाहीत."

"मागून कोणी येत नाही, मामी," टर्बो म्हणाला. "सगळी वाहनं बंद आहेत."

"म्हणून काय झालं?"

नियम मोडणं तिच्या जिवावर आलं आणि ती थांब्याच्या आशेने पुढे पुढे जात राहिली. चढ संपला, उतार लागला. इतक्या आठवड्यांत तिने पुरवून पुरवून कापलं होतं त्याहून जास्त अंतर एका दमात मागे पडलं. एक करडा चौकोन आला. ट्रक आपोआप त्यात शिरला, कारण शेवटचं पार्किंगही आम्ही आपोआप करून ठेवलं होतं. काचा कशा उतरल्या ते दिसलं नाही. ते दृश्यही बंद होतं.

पडद्यावर अक्षरं आली: माल पोचला. नुकसान नाही.

टर्बोने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

आईने स्टिअरिंग सोडलं नाही. ती म्हणाली, "गाडी चालवताना हे रस्त्यावरून नजर हलवायचे नाहीत. मी काही विचारलं तरी नुसतं हं. तो अडकला की मात्र माझ्याकडे वळायचे आणि बोलायचे. तो परत चालू होईपर्यंत."

"मला सांगायचंस ना, आई."

"तू कधी अडकलीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी निवारण करता आलं असतं.

पडद्यावर खाली आणखी एक ओळ उमटली होती, हिरव्या अक्षरांत. आईने चष्मा सारखा केला आणि ती मोठ्याने वाचली. "वाचलेला वेळ." पुढे आकडा होता, चांगला भरघोस. तिने तो दोनदा पाहिला, मग खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं.

"हा वाचलेला वेळ कुठे मिळतो गं?"

ती टोमणा मारत नव्हती. मी या क्षेत्रात नोकरी करते, तेव्हा मला माहीत असेल, अशा समजुतीने तिने विचारलं होतं.

सोमवारी मी कार्यालयात चौकशी केली. वेळ वाचवला जातो याबद्दल सर्वांचं एकमत आहे, तो अदा करण्याची खिडकी मात्र कोणाला ठाऊक नाही. आपणही इतकी वर्षं रांगा टाळून, गाणी मधूनच पुढे ढकलून आणि आईवडिलांचे फोन दोन मिनिटांत आटोपून बराच वेळ वाचवला असेल. त्यातला थोडा जरी कधी आपल्या हाती पडला असेल, तर ती खिडकी कुठे आहे आणि किती वाजता उघडते, तेवढं कृपया कळवावं. आई स्वेटर घालून तयार बसली आहे.