शनिवारी दाखवायचं घर

आमची खोली दहा बाय बाराची आणि माणसं पाच. रात्रपाळी करून बाबा सकाळी आडवे व्हायचे तेव्हा आम्ही तिघं भावंडं उठून त्यांना जागा करून द्यायचो. एकदा घातलेलं अंथरूण आमच्याकडे कधी गार पडलं नाही. बी.कॉम.चा अभ्यास मी मोरीच्या कट्ट्यावर पाय दुमडून केला आणि तरीही आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट झाले. हे सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही. सवय आहे.

भिंतीपलीकडं मात्र वर-खाली दोन ऐसपैस खोल्या आणि राहणारा माणूस एकच, महादू तात्या. ते घर चौदा महिने विकायला काढलेलं होतं आणि विकलं जात नव्हतं. कारण उंबऱ्यात आलेल्या गिऱ्हाइकाला तात्या पाणी द्यायचे नाहीत. दाखवायचे.

स्टीलचा पेला काठोकाठ भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. खिडकीमागं पत्र्याची शेड, तिच्यात चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडतात. पाण्यावर आधी गोल लाटा उठायच्या, मग पेलाच मुंगीच्या पावलांनी कडेकडं निघायचा. तात्या मनगटावरचं घड्याळ बघत उभे.

"बारा मिन्टांत खाली पडतो. थांबता का?"

बाराव्या मिनिटापर्यंत कोणी थांबलेलं माझ्या बघण्यात नाही. पेल्यावर टिंबाटिंबांनी 'सौ. यमुना' असं कोरलेलं होतं. यमुनाकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

तात्या जन्मभर जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो उघडून नीट करणारा मिस्त्री. नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाचा दाता झिजलाय ते सांगायचे. वस्तू समोर आली की आधी तिचं दुखणं शोधायचं, हा हातचा गुण. लग्नाला मुलगी बघायला बोलावलं तरी तात्या आधी मुलीकडच्यांच्या दाराची कडी हलवून बघायचे. घराच्या बाबतीत त्यांचं एकच वाक्य होतं, "पयली खोट बगा, मंग खोली." गिऱ्हाईक हिंदी बोलणारं असलं तर, "पहले खोट देखो, बाद में खोली."

आमच्या भागातले एजंट रफिकभाई कपाळाला हात लावायचे. "चाचा, आप घर बेच रहे हो के उसकी बीमारी बता रहे हो?"

"बीमारी बताया तो दवा लेके आयेगा ना माणूस!"

माणूस परत यायचाच नाही, ते वेगळं.

आता यात माझं काय अडलं होतं? तर मे महिन्यात तात्या जिन्याच्या चौथ्या पायरीवरून पडले. ती पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. पाय मुरगळला, उठता येईना. हाका मारल्या, पण लूम चालू असताना आमच्या गल्लीत हाक म्हणजे नुसतं तोंड हलवणं. आई कामावरून येऊन भाजीची वाटी द्यायला गेली तेव्हा तासाभरानं सापडले. त्यांची मुलगी सुनंदाताई पडघ्याला असते. ती रडत आली, म्हणाली, "बाबा, खाट टाकून ठेवलीय, चला." तात्या म्हणाले, "घर विकल्याबिगर न्हाय. कुलूप लावून गेलो तर घर येडं होईल." म्हणजे घर विकलं नाही तर तात्या पुन्हा कधीतरी त्या पायरीखाली पडून राहणार, आणि दर वेळी आईची भाजी वेळेवर होईलच असं नाही.

तेव्हा मी कामाला लागले. दापोड्याला गोडाऊनच्या ऑफिसात मी रोज माल खपताना बघते, एक घर काय खपवता येणार नाही? पहिल्या रविवारी अडगळ काढली. चार बंद पंखे, गोणीभर गंजलेली दातेरी चाकं, पाय नसलेली एक शिलाई मशीन. तात्या प्रत्येक वस्तूला दारापर्यंत पोचवायला आले. दुसऱ्या रविवारी ओल आलेली भिंत घासून तिला बदामी रंग दिला. संध्याकाळी बघते तर ताज्या रंगावर खडूनं लिहिलेलं, 'हितं ओल येते. जून ते सप्टेंबर.'

"तात्या!"

"रंग झ्याक दिलास गं. ओल दिसंना, म्हनून लिवलं."

मोबाइलवर जाहिरात टाकायला फोटो काढले. घरी येऊन मोठे करून बघितले तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तात्यांचं बोट, कुठल्या ना कुठल्या भेगेकडं रोखलेलं. किंमत थोडी उतरवा म्हटलं तर लगेच उतरवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगितलं, "उतरवलीय. का उतरवली ते दावतो, या."

शेवटी रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं. "बेटा, सीधी बात. जुम्मे को दिखाओ."

आमच्याकडं लूमची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी गल्लीत कबुतरं ऐकू येतात. आणि दर शुक्रवारी तात्या पडघ्याला जायचे. त्यांची किल्ली आमच्याकडंच असायची. मी ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि कल्याणहून आलेल्या एका नवरा-बायकोला घर दाखवलं. पेला मांडणीत उलटा घातला होता. बाई खिडकीशी उभी राहून म्हणाल्या, "अय्या, किती शांत आहे इथं!" मी खोकले. खोटं बोलले नाही, फक्त खोकले. रविवारी टोकनचे पैसे घेऊन येतो म्हणाले.

तात्या आले तेव्हा ही बातमी मी पेढा दिल्यासारखी दिली. त्यांनी एकच विचारलं, "आज दावलंस?" मग रफिकभाईंकडून नंबर घेऊन स्वतः फोन केला. "उद्या शनवारी अकरा वाजता या. लूम चालू असतात. पेला दावायचाय."

आले, बघितलं, गेले. पेला वाटेतच होता.

मी संतापले. शिकलेल्या माणसाचा राग लांबतो, मुद्दे असतात ना. "तात्या, तुम्हाला घर विकायचंच नाहीये! मी रजा टाकली, रंग दिला. सुनंदाताई रोज फोन करते. त्या चौथ्या पायरीखाली मरायचंय का तुम्हाला?"

तात्यांनी पेला उचलला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"तुज्या काकूला मी हे घर शुक्रवारी दावलेलं," ते म्हणाले.

मी खाली बसले.

"मला ठावं होतं. तिला न्हवतं. पडग्याकडच्या पाड्यावरची पोर ती. तिथं बैल हंबारला तर गाव जागं व्हायचं. कारखान्याजवळ घर पायजे होतं मला. म्हनली, बेस हाय, शांत हाय. मी न्हाय बोललो काय." त्यांनी पेला कट्ट्यावर ठेवला. "शनवारी सकाळी लूम लागलं. हिनं ह्योच पेला हितं ठेवलेला. तो चालाया लागला. हिला वाटलं भूकंप. सुनंदा कडेवर, अनवाणी रस्त्यावर. गल्ली हासली. मी बी हासलो."

"मग?"

"मंग काय? म्हैनाभर बोलली न्हाय. नंतर बोलली, पन मी थाप मारली की म्हनायची, 'आज शुक्रवार हाय वाटतं.' मरेस्तोवर म्हनायची. भाजीवाल्यालाबी इचारायची, 'मेथी शुक्रवारची न्हाय ना?'" ते हसले आणि मग हसायचे थांबले. "येकदा केलं तेवढं बस झालं, पोरी."

मी घरी आले. आई माठ निवडत बसली होती. वीस वर्षं ती कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे लूमच्या धोट्यात जाणारं सूत गुंडाळते. भिंतीतून तिनं सगळं ऐकलं होतं. लूमच्या आवाजातलं बोलणं तिला बरोबर ऐकू येतं.

"साऱ्या जगाला दाखवलंस. आपल्याला का नाही दाखवलं?" आई म्हणाली.

मला हसू आलं. आमच्यासाठी माझ्या डोक्यात लिफ्टची बिल्डिंग होती, सातवा मजला होता. "आई, तिथला आवाज..."

"कुठला आवाज?" आईनं खरोखरच विचारलं.

माझा मार्केटिंगचा पेपर, मोबाइलवरचे फोटो, बदामी रंग, सगळं त्या दोन शब्दांत निकालात निघालं. चौदा महिने आम्ही घराची खोट लपवायच्या नाहीतर दाखवायच्या मागं होतो. ज्याला ती खोटच वाटत नाही असं गिऱ्हाईक नऊ इंच भिंतीपलीकडं माठ निवडत होतं.

पुढच्या शनिवारी अकरा वाजता आम्ही रीतसर घर बघायला गेलो. तात्या इस्त्रीचा सदरा घालून दारात. वीस वर्षांपासूनची शेजारीण, पण "या, बसा" वगैरे. मग ओल दाखवली. मोरीचा उलटा उतार दाखवला. चौथी पायरी दाखवताना स्वतःचा पायही दाखवला. आई प्रत्येक ठिकाणी मान डोलवत होती. शेवटी खिडकी. पेला काठोकाठ भरून कट्ट्यावर ठेवला. लाटा उठल्या. पेला निघाला. तात्या घड्याळाकडं बघू लागले.

आई थांबली. पाच मिनिटं, आठ, दहा. पेला कडेला आला तेव्हा तिनं तो उचलला, घटाघटा पिऊन टाकला आणि पदरानं तोंड पुसलं.

"तात्या, पाणी गोड आहे," ती म्हणाली. "आणि आज शनिवार आहे."

तात्या मागल्या लूमचा दाता झिजलाय असं काहीतरी पुटपुटत बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. पेला मात्र त्यांनी परत घेतला नाही.

कर्ज माझ्या पगारपत्रकावर मंजूर झालं. चौथी पायरी बाबांनी फोडून सारखी केली. तात्या पडघ्याला सुनंदाताईकडं राहतात आणि दुपारी डोळा लागत नाही अशी तक्रार करतात, तिथं फार शांत आहे म्हणे. घराच्या कागदावर आईचं आणि माझं, अशी दोन नावं आहेत. आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर झालेलं हे पहिलं घर.