उजवी पुडी, डावी पुडी

“पुडी बांधावी तर ती उपेंद्रनंच, असं सगळं रामकुंड म्हणतं!” हे वाक्य उपेंद्रराव पाठक स्वतःच सांगायचे. रामकुंडावरच्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते कोणी ऐकलेलं नव्हतं, पण ते जाऊ द्या. एकतीस वर्षं पूजासाहित्याच्या दुकानात बसून त्यांनी हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध यांच्या पुड्या बांधल्या होत्या, आणि त्यांतली एकही कधी सुटली नाही, हे मात्र खरं होतं.

दुकान त्यांच्या वडिलांचं, दादांचं. वडिलांनी एक पद्धत घालून दिलेली. पुडीचं एक टोक दाबून बंद करायचं आणि दुसऱ्याला पीळ देऊन शेपूट काढायचं. शुभकार्याच्या पुडीचं शेपूट उजवीकडे, श्राद्धाच्या पुडीचं डावीकडे. फळीवर पुड्या रचताना हा नियम पाळला की लग्नघरी तीळ आणि श्राद्धाला अक्षता जायची भीती नाही. एकतीस वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही. म्हणूनच या कथेतला घोटाळा उपेंद्ररावांना इतका लागला.

आता ते दुकान विकून, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मुलगा विश्वेश आणि सून अंजली यांच्याजवळ राहत होते. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. अंजली उरणची, कोळ्यांची मुलगी. गुणी पोर! सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिनं कधी मासा शिजवला नाही. उपेंद्ररावांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच.

त्यांची मोठी बहीण इंदिराआक्का पंचवटीत राहायची. सासरी यात्रेकरूंचं उपाध्येपण, घर सोवळ्यातलं. आई लवकर गेली तेव्हा आक्कानंच उपेंद्रला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, दुकानात मांडीवर घेऊन पुड्या बांधायला शिकवलं. आणि विश्वेशच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी ही आक्का भावाच्या घरी एकदाही जेवली नव्हती! यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची, पाणी प्यायची, सगळ्याला “छान आहे हो” म्हणायची. जेवणाचं काढलं की म्हणायची, “आज माझा उपास.” सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी पित्त.

आक्का गेल्यावर अंजली तिच्यासाठी मांडलेला, न वापरलेला पाट उचलून आत ठेवायची. ते पाहिलं की उपेंद्ररावांना घास जायचा नाही.

“बुधवार!” एके दिवशी पंचांगावर हात मारून ते ओरडले. “बुधवारी आक्काचा कुठलाच उपास नाही! या बुधवारी तिला जेवायला बोलवायचं!”

“पण बाबा, तेव्हा आई असेल इथे,” अंजली चाचरत म्हणाली. तिची आई मंगलाबाई उरणहून चार दिवसांसाठी येणार होती. “सोमवार, गुरुवार, शनिवार ती मासळीला हात लावत नाही. बुधवारी मात्र मासळी नसली तर तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. गुरुवारी ती परत जाणार. बर्फात घालून कोळंबी आणतेय.”

पेच मोठा होता. बुधवार पुढे ढकलला, तर तोवर आक्का त्याही वाराचा उपास शोधून काढेल! एका विहिणीला मासळी हवी, दुसरीला तिचा वाससुद्धा नको, आणि वार दोघींना एकच! पाहुण्या विहिणीला उपाशी ठेवायचं पाप उपेंद्ररावांना नको होतं. दोन दिवस ते गंभीर चेहऱ्यानं घरात फिरले. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. कोणीतरी चंदेरी फॉइलच्या पुड्यांमध्ये माणशी एकेक जेवण बांधून ओव्हनमध्ये ठेवत होतं. कोणात मासे, कोणात भाज्या. आतला रस आत, आतला वास आत.

“अरे, ही तर पुडी!” ते उभेच राहिले. “हा तर आपला धंदा!”

त्यांनी लगेच आक्काला फोन लावला. “आक्का, बुधवारी जेवायला यायचं. तुझं जेवण सीलबंद पुडीत असेल. तू स्वतःच्या हातानं उघडायचीस. तोवर कोणाचं बोट लागणार नाही, माझा शब्द!”

मग आक्का म्हणाली, “येते.”

बुधवारी उपेंद्ररावांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भात नाही, वरण नाही, पोळी नाही. “पातेली वाढली की हात वाढतात आणि हात वाढले की घोटाळा होतो,” असा त्यांचा हुकूम होता. आंघोळ करून त्यांनी बटाटा, वाटाणा, पनीर, लिंबाची चकती अशा तीन पुड्या बांधल्या. आक्काची, स्वतःची, विश्वेशची. शेपटं उजवीकडे. मग मंगलाबाईंनी तीन फॉइलवर कोळंबी मांडली. “डोक्यासकट हां! डोकं काढलं तर चव काय राहिली?” त्या म्हणाल्या. उपेंद्ररावांनी नाकाला रुमाल बांधला, अर्धे डोळे मिटले आणि त्याही तीन पुड्या बांधल्या. अंजलीची एक, मंगलाबाईंच्या दोन, कारण एका पुडीत त्यांचं काय होणार! शेपटं डावीकडे. सहाही पुड्या एका ट्रेमध्ये बसल्या, ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि उपेंद्रराव पुन्हा आंघोळीला गेले. जानेवारीतलं नाशिक, त्यात गीझर बिघडलेला. पण बहिणीसाठी माणूस काय करत नाही!

आक्का बाराला आली. उपेंद्ररावांनी ट्रे बाहेर काढला, शेपटं पाहिली आणि पुड्या ताटांत ठेवल्या. मंगलाबाईंची दुसरी पुडी ट्रेमध्येच राहिली. घरात वास म्हणाल तर फक्त चिरलेल्या लिंबाचा! त्यांची छाती दोन इंच फुगली. पाणी आणायला म्हणून ते आत गेले, तर ओट्याजवळ अंजली पांढरीफटक उभी.

“बाबा, मी मध्ये ट्रे फिरवला होता.”

“म्हणजे?”

“ओव्हन मागच्या बाजूनं जास्त तापतो. मागचं पुढे यावं म्हणून अख्खा ट्रे फिरवला.”

उपेंद्ररावांना आधी समजेना. मग त्यांनी डोळ्यांसमोर ट्रे आणला, तो मनातल्या मनात फिरवला, आणि उजवीकडची सगळी शेपटं डावीकडे गेली. एकतीस वर्षं त्यांची फळी भिंतीत ठोकलेली होती. ती कधी फिरलीच नव्हती!

“म्हणजे आक्काच्या ताटात...”

“हो, बाबा.”

तेवढ्यात विश्वेश आत आला. अंबडच्या कारखान्यात तो इंजिनिअर, त्यामुळे शांत. सगळं ऐकून म्हणाला, “बाबा, घाबरू नका. ट्रे मीपण फिरवला होता. दोनदा फिरला म्हणजे होता तसाच झाला की!”

उपेंद्ररावांनी तांब्या तोंडाला लावून अर्धा रिकामा केला. देव आहे! देव आहे, आणि त्यानं मुलाला इंजिनिअर केलं ते उगाच नाही!

“कोण फिरवतंय काय?” दारात मंगलाबाई. “ट्रे होय? मीसुद्धा बघितला ना ओढून! कोळंबी जास्त शिजली की रबर होते.”

“विहीणबाई,” उपेंद्ररावांचा आवाज खोल गेला, “तुम्ही ट्रे नुसता ओढून पाहिलात, की फिरवलात?”

मंगलाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “आता ते कसं आठवणार ओ?”

मग तिथे कुजबुजत सभा भरली. विश्वेश म्हणाला, पुड्या परत आणून उघडून बघू. पण आक्काला शब्द दिलेला! अंजली म्हणाली, दाबून बघू. मंगलाबाई म्हणाल्या, “कोळंबी मी डोळे मिटून वासावर ओळखते. पण तुमच्या या थंडीनं नाक बंद झालंय ना!” बाहेरून आक्काचा आवाज आला, “अरे उपेंद्र, पुड्या गार होतायत!”

उपेंद्रराव बाहेर आले. पाणी वाढण्याच्या निमित्तानं ते आक्काच्या ताटावर इतके वाकले की नाक पुडीला टेकलं आणि भाजलं. वास? घरभर होता तोच, लिंबाचा! पुडी इतकी घट्ट बांधली होती की तिच्यातून काही बाहेर येणं शक्यच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हाताचा राग आला.

आक्का मात्र पुडीकडे बघत बसली होती. तिनं बोट शेपटाला लावलं. “उजवीकडे,” ती हळूच म्हणाली. “शुभाची पुडी. दादांची पद्धत विसरला नाहीस रे.” तिचे डोळे भरून आले होते.

सांगायची वेळ होती ती हीच. पण चार वर्षांनी आक्का खुर्चीच्या टोकावरून सरकून नीट टेकून बसली होती. त्या चेहऱ्याकडे बघून “थांब, आत बहुतेक कोळंबी आहे” असं कोणाला म्हणवेल? उपेंद्ररावांना म्हणवलं नाही. सगळे आपापल्या ताटांवर बसले. शोकसभेतसुद्धा यापेक्षा जास्त बोलतात.

आक्कानं हात जोडले आणि पुडी धरली.

“आक्का, थांब!” उपेंद्रराव शेवटी ओरडले. पण फॉइल फाटली होती. वाफ वर गेली. आत लालसर, गोल वळलेल्या सात कोळंब्या आक्काकडे बघत होत्या.

“हे काय?” आक्कानं विचारलं.

“मशरूम,” उपेंद्रराव म्हणाले. का म्हणाले, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

आक्कानं ताट जवळ ओढलं. “मशरूमला मिशा?”

“अगो बाय!” पलीकडून मंगलाबाई कळवळल्या. त्यांनी स्वतःची पुडी उघडून एक घास तोंडात टाकला होता. “माझ्यात तर पनीर!”

अंजली रडायलाच लागली. “आत्या, चूक माझी आहे. मी ट्रे फिरवला. बाबांना काही बोलू नका. तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात आणि मी...”

आक्कानं फॉइलची टोकं जुळवून पुडी पुन्हा बंद केली आणि मंगलाबाईंच्या पुढ्यात ठेवली. “घ्या विहीणबाई, मी हात लावला नाही. उपेंद्र, इकडे बघ. इथे मी येते, तेव्हा तू मला काय विचारतोस?”

“काय विचारतो?”

“‘आक्का, आमच्याकडचं चालेल का तुला?’ दर वेळी हेच! अरे, असं विचारतात का? असं विचारलं की माणूस काय म्हणणार? उपास आहे म्हणणार! रामकुंडावर पन्नास वर्षं काढली मी. देशभरची माणसं आमच्या ओसरीवर जेवून गेली. कोण घरी काय खातं, विचारलं नाही कोणाला. पाट मांडला आणि म्हटलं, बसा. मला या घरात एकदा तरी कोणी बस म्हणालं? आजसुद्धा तू मला पुडीचं कौतुक सांगितलंस!”

“मला वाटलं, आत्यांना माझ्या हातचं नको असेल,” अंजली डोळे पुसत म्हणाली.

“आणि मला वाटलं, तुलाच म्हातारीचं सोवळं नको असेल. घरातली बाई विचारत नाही, मग आपण कशाला लोचटपणा करायचा?”

अंजली उठली. पदर नव्हता, तरी तिनं ओढणी खांद्यावर नीट घेतली. “आत्या, बसा जेवायला. जेवल्याशिवाय मी सोडणार नाही.”

“बसलेलीच आहे गं मी मघापासून. वाढ आता.”

ट्रेमध्ये राहिलेली ती मंगलाबाईंची पुडी आता भाजीचीच असणार, एवढा हिशेब विश्वेशनं केला. अंजलीनं ती आक्काच्या ताटात ठेवली. आक्कानं उघडली, खाल्ली, आणि मग जी सुरुवात केली! बटाटा कच्चा आहे. मीठ नावाला नाही. लिंबू कोणी एवढं घालतं का? आणि भात कुठे आहे? भाताशिवाय जेवण असतं का कुठे? अंजलीनं धावत कुकर लावला, वरण केलं, आक्काच्या शेजारी बसून वाढलं, पुन्हा वाढलं. चार वर्षं “छान आहे हो” ऐकलेल्या त्या पोरीला सासरच्या माणसाकडून पहिल्यांदा नावं ठेवून मिळत होती. ती हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

“मीठ बाबांनी घातलं होतं,” तिनं सांगून टाकलं.

“ते कळलं मला,” आक्का म्हणाली.

मंगलाबाईंनी आक्काची पुडी संपवली. विश्वेशच्या पुडीतही कोळंबीच निघाली. ती त्यानं अंजलीला दिली आणि तिची भाजीची घेतली. उपेंद्ररावांची उरली, तीही “अन्न वाया जाऊ नये” म्हणून मंगलाबाईंनी मोठ्या मनानं घेतली. त्यानंतर तिघी बायका आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि आक्का अंजलीला दादांच्या दुकानातल्या गोष्टी सांगू लागली. त्यातल्या निम्म्या उपेंद्रनं लहानपणी केलेल्या फजितीच्या होत्या. हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

उपेंद्रराव रिकाम्या ताटासमोर बसून होते. कुकरमध्ये भात आहे, हे त्यांना माहीत होतं. पण कोणीतरी ‘बसा’ म्हणेल, मग वाढून घेऊ, असं त्यांना वाटत राहिलं. दोन वाजले. अडीच वाजले.

तीनच्या सुमाराला अंजली चहा टाकायला बाहेर आली. तिचा चेहरा असा उजळलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. जाता जाता तिनं विचारलं, “बाबा, तुमचं जेवण झालं ना?”

“हो हो,” उपेंद्रराव म्हणाले, “झालं की.”