दुसरी ओळ कोरी

मेश्रामकाकांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या स्कूटरच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दोन ओळी लिहिलेल्या दिसल्या. अक्षरं अशी की छापखान्यानं लाजावं. पहिली ओळ : 'आली', आणि पुढे आदल्या दिवशीची तारीख. दुसरी ओळ : 'जाईल', आणि पुढे काहीच नाही.

मी मूळची नाशिकची. शेजारच्या नवा रायपूरमध्ये सरकारी नोकरी लागली म्हणून रायपुरात आलेली, आणि नव्या गावात माणूस जितका संशयी असतो तितकी संशयी. मला वाटलं, चोरांची खूण असणार. धावत खाली गेले. अंगणात मुनग्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या शेवग्याच्या झाडाखाली घरमालक ब्रश धूत बसले होते.

"काका, माझ्या स्कूटरवर कोणीतरी काहीतरी लिहून गेलंय!"

"कोणीतरी नाही, मी लिहिलं," ते शांतपणे म्हणाले. "घाबरून काहून राहिल्या, मॅडम? हजेरी लिहिली फक्त. वस्तू कवा आली ते आपल्याले माहीत असते. कवा जाईल ते माहीत नसते. म्हणून जागा सोडली."

"पण स्कूटर माझी आहे!"

"तेच तं समजायचं आहे," काका म्हणाले आणि मला चहा दिला. चहाच्या कपावरही दोन ओळी होत्या.

काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात पेंटर होते. वॅगन दुरुस्त होऊन बाहेर पडली की तिच्या अंगावर दोन तारखा रंगवायच्या : दुरुस्ती कधी झाली, आणि पुन्हा कारखान्यात कधी यायचं. जवळजवळ चाळीस वर्षं काकांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, पण दारात वॅगन येईनात. मग त्यांनी घर रंगवायला घेतलं. बादली, पंखा, ट्रंक, फाटक, स्वतःची चप्पल, मुनग्याचा बुंधा. शेवंताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्यांदा गप्प बसल्या. प्रेशर कुकरवर अक्षरं उमटली तेव्हा मात्र त्यांनी आघाडी उघडली.

"गॅसच्या सिलिंडरवर लिहा, थे कामाचं आहे. कुकरवर काहून लिहिता जी?"

"कुकर बी अनित्य आहे."

"तुमचं अनित्य चालू द्या. जेवाले तं नित्य लागते ना?"

या प्रश्नाचं उत्तर काकांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तशी पुस्तकं पुष्कळ होती. एका लोखंडी ट्रंकेत त्यांनी बुद्धाच्या शिकवणीपासून चीन-जपानच्या झाडापाण्यात रमणाऱ्या साधूंपर्यंत सगळ्यांची पुस्तकं भरली होती; बरीचशी जयंतीच्या मेळ्यांतल्या स्टॉलवरून आणलेली. सगळी पातळ. ऐंशी पानांच्या वर पुस्तक गेलं की ते घेत नसत. "जाड पुस्तक म्हणजे लिहिणाऱ्यालेच समजलं नाही," असा त्यांचा निवाडा होता. मी एकदा ऑफिसातल्या ग्रंथालयातून साडेचारशे पानांचं तत्त्वज्ञान आणून दाखवलं, तर त्यांनी ते हातात तोललं आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला मागून घेतलं.

दर रविवारी सकाळी ते मुनग्याखाली वर्ग घेत. त्याचं नाव 'पहिलीचा वर्ग'. दुसरीचा वर्ग नव्हता. "मीच तं अजून पहिलीत आहो. दुसरीत कोण शिकवीन?" वर्गाला दोनच विद्यार्थी. एक मी, कारण भाडं कमी होतं आणि काकूंचे पोहे चांगले होते. दुसरे साहूजी. त्यांचं पाऱ्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, आणि ते फक्त पोह्यांसाठी येत.

पहिला गृहपाठ असा : मुनग्याचं एक फूल निवडायचं आणि ते गळेपर्यंत रोज बघायचं. मी सरकारी कामाची सवय असलेली बाई. तक्ता केला, वेळा लिहिल्या, गळण्याची वेळ मिनिटासकट नोंदली. काकांनी तक्ता वाचला आणि मला नापास केलं. "मॅडम, तुम्ही फूल नाही पाहिलं. घड्याळ पाहिलं." साहूजींनी चार दिवसांत एकदाही फूल बघितलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांचं फूल गळालं, साहूजी नेमके त्याच्यावर पाय देऊन उभे राहिले आणि "अरे, गिर गया का?" म्हणाले. त्यांना काकांनी पास केलं.

साहूजींचा मात्र एक वेगळाच गोंधळ होता. त्यांना मराठी अर्धवट कळायचं. काका दिवसातून पन्नास वेळा "अनित्य आहे, अनित्य आहे" म्हणत, ते ऐकून साहूजींची कित्येक वर्षांपासून खात्री होती की अनित्य हा काकांचा मुलगा. बाहेरगावी नोकरीला असतो, कधीकधी येतो. "अनित्य है" म्हणजे तो सध्या घरी आहे. काकांची तक्रार ऐकली, "सब अनित्य का खेल है," की साहूजी मान हलवत : "हव काका, आजकल के लड़के ऐसेच हैं." पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तर पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : 'श्री अनित्य मेश्राम एवं परिवार'.

मी हसून हसून खाली बसले. काका चूक दुरुस्त करायला निघाले, तर काकूंनी त्यांचा सदरा धरला. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. "असू द्या ना जी," त्या म्हणाल्या. "या वयात एक पोट्टा झाला, तं होऊ द्या." पत्रिका त्यांनी कपाटात ठेवली. साहूजींना आम्ही कधीच सांगितलं नाही.

काका रागावलेले मी एकदाच पाहिले, आणि कारण मीच होते. उन्हाळ्यात माझा कूलर खडखडायला लागला. त्याच्यावरही दोन ओळी होत्याच. मी चेष्टेत मार्कर घेतला आणि 'जाईल'च्या पुढे लिहिलं : 'याच महिन्यात'. काका वर टाकीतलं पाणी बघायला आले, त्यांनी ते वाचलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. खाली जाऊन टर्पेंटाइनची चिंधी आणली आणि माझी अक्षरं घासून काढली.

"दुसरी ओळ आपण नाही लिहायची," ते म्हणाले. "कारखान्यात दुसरी तारीख साहेब सांगे, मी लिहू. इथं साहेब कोण आहे? तुम्ही आहा का? मी आहो का? आपण पेंटर आहो, पेंटर!"

मी माफी मागितली. कूलरनं माझा आणखी अपमान केला आणि तो पुढची दोन वर्षं चालला.

मग एका सकाळी काकू स्टुलावर चढून मुनग्याच्या शेंगा काढत होत्या. स्टुलाचा पाय मोडला आणि त्याच्याबरोबर काकूंचं खुब्याचं हाड. मोडलेल्या स्टुलावर 'जाईल' अजून कोरंच होतं. ते उचलून ठेवताना मी ती बाजू भिंतीकडे केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. ऑपरेशन करावंच लागेल. पण वय आहे, शुगर आहे, हृदयही थोडं कमजोर आहे. सगळं ठीक होईल, पण आधी सांगून ठेवणं आमचं काम. काकांनी मान डोलावली. कागदावर सही केली, तीसुद्धा सुरेख. मला वाटलं, आता म्हणतील, अनित्य आहे. पण त्या पूर्ण दिवसात तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना ऑपरेशनसाठी आत नेलं. रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी त्यांची फाइल लटकत होती. काका समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिले. फाइलवर दोन ओळी छापलेल्या होत्या. 'भर्ती दिनांक', आणि पुढे तारीख. 'छुट्टी दिनांक', आणि पुढे काहीच नाही.

इतक्यात साहूजी नारळपाणी घेऊन आले. काकांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, अनित्य को खबर कर दिए?"

काकांनी फाइलवरची नजर काढली नाही.

"उसको सब खबर है, साहूजी," ते म्हणाले. "तारीख बस उसी को मालूम है."

"तो आएगा न?"

"न आए तो अच्छा है," काका म्हणाले. साहूजींना ते आवडलं नाही. बापानं मुलाविषयी असं बोलू नये, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुपारी ऑपरेशन आटोपलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं, पण दोन दिवस बघावं लागेल. काकूंना परत खोलीत आणलं तेव्हा त्या गुंगीत होत्या. काका उठले, खिशातलं पेन काढलं, फाइल गुडघ्यावर घेतली आणि 'छुट्टी दिनांक'च्या पुढे सावकाश, वॅगनवर लिहावं तशा वळणदार अक्षरांत लिहिलं : 'रविवार'.

नर्सनं पाहिलं आणि ती धावत आली. "दादाजी! ये क्या लिख दिया? ये तो डॉक्टर साहब लिखते हैं!"

"बेटी," काका म्हणाले, "चालीस साल साहब से पूछ के लिखा. एक बार बिना पूछे लिखने दे."

नर्स फाइल घेऊन गेली, पण खाडाखोड केली नाही.

मला राहवलं नाही. "काका, तुमचा नियम?"

"नियम बी अनित्यच आहे ना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांची मान खाली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाला हसले नाही.

रविवार आला आणि गेला. काकूंना ताप होता. त्या दिवशी पहिलीचा वर्ग भरला नाही. काका पलंगाशी बसून काकूंच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि दर तासाला मला विचारत होते, "मॅडम, आज रविवारच आहे ना?" मंगळवारी ताप उतरला. बुधवारी दुपारी सुट्टी मिळाली. "तीन दिवस लेट," काका म्हणाले. "रेल्वेच्या हिशेबानं टायमावरच आली म्हणा."

घरी पोचलो तर अंगणात नवा कोरा वॉकर उभा होता. सकाळीच आणून काकांनी त्याच्यावर काम केलं होतं, हे सांगायला नकोच. समोरच्या दांडीवर 'आला', पुढे तारीख. हातात धरायच्या दांडीवर 'जाईल'. मी वाकून बघितलं. दुसरी ओळ कोरी नव्हती. तिथे लिहिलं होतं : 'लवकर'.

काकूंनी वॉकर घट्ट धरला आणि मुनग्याखालच्या खुर्चीपर्यंत आठ पावलं टाकली. आम्ही मोजली. साहूजींनी टाळ्या वाजवल्या. काकू दमून बसल्या, आणि त्यांचं लक्ष आपल्या तळहाताकडे गेलं. रंग अजून ओला होता.

"अगं बाई, हे काय?"

तळहातावर उलट्या अक्षरांत स्वच्छ उमटलं होतं : 'जाईल लवकर'. मी वाचून दाखवलं. काकूंना असं हसू फुटलं की खुब्याला हात लावून हसू लागल्या. "वॉकरचं तिकीट माह्याच हातावर फाडलं जी तुम्ही!" साहूजीही हसले, मीही हसले.

काका हसले नाहीत. आत गेले, टर्पेंटाइनची चिंधी घेऊन आले आणि काकूंसमोर जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. कसे बसले कोण जाणे. काकूंचा हात मांडीवर घेऊन ते घासायला लागले. 'लवकर' गेलं. 'जा' गेलं, 'ई' गेलं. 'ल' मात्र हातावरच्या रेषेत जाऊन बसला होता, तो निघेना.

"राहू द्या ना जी," काकू म्हणाल्या. "दोन दिवसांत जाईल आपोआप. तुम्हीच तं सांगता, सारंच जाते म्हणून."

काकांनी मान वर केली नाही.

"आज वर्ग बंद आहे," ते म्हणाले, आणि घासत राहिले.