उजवीकडून मयेकर

पहाटे साडेपाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मागून एखादा पुरुष येऊन "घाबरू नका" म्हणाला तर बाईने काय करावं? मी किंचाळले. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्या बायकाही पहिल्या वेळी किंचाळल्याच होत्या. एकीने तर हातातली पाण्याची बाटली फेकून मारली होती. मयेकरांनी ती झेलली, रुमालाने पुसली, तिला परत दिली आणि म्हणाले, "मी सिग्नल दिला होता. तुम्ही आरशात बघितलं नाहीत."

त्यांचं पूर्ण वाक्य असं : "उजवीकडून येतोय, घाबरू नका." हे म्हटल्याशिवाय मयेकर कुणाच्याही पुढे जात नाहीत. कुत्र्याच्यासुद्धा.

भाईंदर पश्चिमेला आमचा रविवारचा धावण्याचा ग्रुप आहे. पस्तीसेक माणसं. मैदानापासून निघायचं, मुर्धा, राई करत मोरव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. अंगात फारच आलं तर पुढे तारोडी. मी मूळची लालबागची, लग्न होऊन इकडे आले, आणि डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट डोळ्यांसमोर नाचवल्यावर धावायला लागले. ग्रुपमध्ये शेवटून पहिलं कोण, यावरून आजवर कधी वाद झालेला नाही. त्यामुळे ओव्हरटेक करण्याबद्दल मला काही विचारू नका, पण ओव्हरटेक होण्यातला माझा अनुभव दांडगा आहे.

माणूस तुमच्या पुढे कसा जातो त्यावरून तो कसा आहे ते बरोब्बर कळतं. काही जण खांदा घासून जातात. काही जण शेजारी आले की उगाच छाती पुढे काढतात आणि वीस पावलांनी धापा टाकत चालायला लागतात. काही जण "कम ऑन मॅडम, यू कॅन डू इट" म्हणतात. सगळ्यात वाईट हेच. मला जमत असतं तर मी यांच्यामागे राहिले असते का?

मयेकरांची तऱ्हाच निराळी. वय त्रेसष्ट, अंगावर मांस नाही, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी आणि तीत खोचलेला इस्त्रीचा हाफ शर्ट. तीस वर्षं ते मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला होते. तीस वर्षं डावीकडच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक, आणि शेजारी गिअर टाकताना देवाचं नाव घेणारा कुणीतरी. निवृत्त झाले, पण सीटवरून काही उतरले नाहीत. पाणी प्यायला थांबायचं असेल तर आधी हात बाहेर काढून वरखाली हलवतात, मग डावीकडे सरकतात. राईच्या वळणावर कुणाच्याही पुढे जात नाहीत, कारण वळणावर ओव्हरटेक नाही. एकदा चार बायका एका ओळीत गप्पा मारत धावत होत्या, तर हा माणूस त्यांच्यामागे अर्धा किलोमीटर नुसता खाकरत धावला. चढावर माझी चाल बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सारख्या हाफ क्लचवर चालवता. इंजिन तापतं."

इथवर ठीक होतं. पण मयेकरांचा ओव्हरटेक नुसता पुढे जाण्याचा नव्हता. शेजारी आले की ते गती कमी करायचे आणि एक प्रश्न विचारायचे. एकच.

"काल काय केलं होतंत जेवायला?"

"सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?"

"तो वरचा भाडेकरू अजून खाट सरकवतो का?"

आपल्याला धाप लागलेली असते, जीभ टाळ्याला चिकटलेली असते. पण उत्तर दिल्याशिवाय मयेकर हलायचे नाहीत. नुसतं "हो" चालायचं नाही. ऑपरेशन झालं, तर कुठल्या डोळ्याचं, दिसायला लागलं का, आणि दिसायला लागल्यावर सासूबाई पहिलं काय म्हणाल्या, हे सगळं द्यावं लागायचं. (घर किती मळलंय गं, असं म्हणाल्या होत्या.) मग ते "साइड दिल्याबद्दल आभारी आहे" म्हणून सलाम ठोकायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचे. उत्तर अर्धवट राहिलं असं वाटलं तर चक्क मागे यायचे आणि पुन्हा ओव्हरटेक करायचे. मोरव्यातली एक म्हातारी दारात बसून हे सगळं बघायची. एकदा मला म्हणाली, "या बाबाला दम लागत न्हाय का गं? धावतंय का चौकशीला आलंय?"

मजा म्हणजे इतका शिस्तीचा माणूस निघायचा मात्र सगळ्यात उशिरा. आम्ही सगळे गेलो की दहा मिनिटांनी. मनात आणतील तर ते पहिल्या पाचांत येतील. कुणी म्हणायचं पोटाचा त्रास असेल, कुणी म्हणायचं पूजा लांबते.

मग ग्रुपमध्ये अद्वैत आला. वय अठ्ठावीस, मनगटावर पोळपाटाएवढं घड्याळ. त्याला हाफ मॅरेथॉनची तयारी करायची होती, आणि मयेकरांना त्याच्या लग्नाचं कुठवर आलं ते हवं होतं. तिसऱ्या रविवारी त्याने व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकला. ग्रुपचे कॅप्टन जिग्नेशभाई. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्यांना कुणालाच दुखवता येत नाही. त्यांनी मैदानावर मीटिंग घेतली.

"मयेकरभाई, जरा समझो ने," ते म्हणाले, "ये लोगों का हार्ट रेट बिगडता है. अब से ओव्हरटेक करते टाइम सिर्फ 'राइट' बोलने का. बातचीत बंद. बाद में चाय पे बोलो ना, जितना बोलना है."

चहाला कुणी थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. धावून झालं की जो तो आपापल्या आंघोळीकडे पळतो.

मी काय केलं? मी हात वर केला. नियमाच्या बाजूने. मला निवांत धावायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मयेकरांचे प्रश्न मला जड जायला लागले होते. त्याला कारण मीच होते. श्रावणात एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, "मुलगी काय म्हणते?" आणि धापा टाकता टाकता माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. माझी ईशा बँकेतली नोकरी सोडून पुण्याला केक करायला शिकायला गेली. जाताना आम्ही कडाकडा भांडलो. मी म्हटलं, जातेस तर जा, मी फोन करणार नाही. तीही माझीच मुलगी, तिने पण केला नाही. आठवड्यातून एकदा माझ्या 'जेवलीस का'वर तिचा एक अंगठा यायचा, बस्स. हे मी माझ्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"बरं," एवढंच मयेकर मीटिंगमध्ये म्हणाले. पुढचे दोन रविवार ते आले, उशिरा निघाले, "राइट" म्हणाले आणि पुढे गेले. सगळ्यांच्या वेळा सुधारल्या. अद्वैतने घड्याळाचा फोटो ग्रुपवर टाकला. पण त्या "राइट"मध्ये काहीच जीव नव्हता.

तिसऱ्या रविवारी मिठागरांपाशी ते माझ्या शेजारी आले. आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सिग्नल तोडतोय. एकच विचारतो. ईशाचा फोन आला का?"

आदल्या रात्रीच मी फोन हातात घेऊन तासभर बसले होते आणि लावला नव्हता. माझं डोकं फिरलं. "काका, तुम्हाला काय करायचंय हो? दुसऱ्यांच्या घरात डोकावल्याशिवाय करमत नाही का तुम्हाला?"

मयेकर दोन पावलं तसेच धावले. मग त्यांनी हात बाहेर काढला, वरखाली हलवला आणि डावीकडे सरकून थांबले. मी पुढे गेले. त्यानंतरचे दोन रविवार ते आलेच नाहीत.

ग्रुपचे टी-शर्ट आले तेव्हा जिग्नेशभाईंनी मयेकरांचा माझ्याकडे दिला, कारण ते माझ्या मागच्याच गल्लीत राहतात. मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. माफी मागायची होती, आणि हात हलवत जाऊन माफी मागायला मला जमत नाही. रविवारी दहाच्या सुमाराला त्यांची बेल वाजवली.

दार मयेकरांनीच उघडलं. कमरेला टॉवेल खोचलेला, हातात पोहे चाळायची चाळणी. मला बघून गडबडले. "या, या. चप्पल राहू द्या. सुनंदा, बघ कोण आलंय."

खिडकीपाशी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर टिकली जराशी वाकडी, उघडच मयेकरांनी लावलेली. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता.

"दीड वर्षापूर्वी झटका आला," मयेकर म्हणाले. "समजतं सगळं. शब्द गेलेत. चार-पाच राहिलेत, तेही त्यांच्या मर्जीने येतात. सुनंदा, या अंजली मॅडम."

बाईंचे डोळे एकदम चमकले. त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत तो इतका हळू, इतका हळू पुढे सरकवला, की मला हसूच आलं.

"तुम्ही कशा धावता ते मी सांगितलंय," मयेकर खजील होऊन म्हणाले.

मग सुनंदाकाकूंची चौकशी सुरू झाली. त्यांनी डोळ्याकडे बोट नेलं. मी म्हटलं, हो, सासूबाईंना छान दिसतंय, आता माझे पांढरे केससुद्धा दिसतात. त्या खुदकन हसल्या. मग त्यांनी अंगठीच्या बोटाला हात लावून भुवया उंचावल्या. "अद्वैतचं," मयेकर म्हणाले. "त्याचं लग्न पत्रिकेवरून अडलंय की मुलीच्या काकावरून, तिथेच राहिलंय. तेवढ्यात नियम आला."

मला हळूहळू उलगडा व्हायला लागला. "म्हणून तुम्ही उशिरा निघता?"

"पहिला निघालो तर भेटणार कोण?" ते म्हणाले. "सगळे पुढे गेले तरच सगळे वाटेत लागतात. ही पूर्वी सगळ्या बिल्डिंगची खबर ठेवायची. आता कुणी येतं, दोन मिनिटं बसतं, हिला बोलता येत नाही म्हणून तेही बोलत नाही, आणि जातं. शेजारीण हिच्यापाशी बसते तो रविवारचा दीड तास मला मिळतो. तेवढ्यात मी जमवून आणतो. आठवडाभर पुरतं आम्हाला."

मी मान खाली घातली. माफीची वाक्यं मी जिन्यात पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं. "पुढच्या रविवारी या काका. हे सगळं मी जिग्नेशभाईंना सांगते, नियम काढून टाकतील."

"हे नाही सांगायचं," मयेकर पहिल्यांदाच तडकून बोलले. "मग लोक कीव करून उत्तरं देतील. तसलं हिला नाही चालत, लगेच ओळखते. तुम्ही सांगा की म्हातारा सुधारणार नाही." (म्हणून मी तुम्हाला सांगतेय ते तुमच्यापाशीच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. नियम गेला तो म्हातारा सुधारणार नाही या कारणाने गेला, आणि त्या बाजूने पहिला हात माझा होता.)

तेवढ्यात सुनंदाकाकूंनी डावा हात खुर्चीवर आपटला. आमच्या गप्पा त्यांना पुरे झाल्या होत्या. माझ्याकडे बघत त्यांनी ओठ आवळले, मान ताणली, आणि मोठ्या कष्टाने एक शब्द बाहेर आला. "मुलगी?"

मयेकर चाळणीशी खेळत राहिले. "त्या दिवसापासून हेच चाललंय, मॅडम. सकाळी उठली की हेच. मागच्या रविवारी मी थाप मारली, आला म्हटलं फोन. तिने दोन दिवस माझ्या हातचं जेवण घेतलं नाही."

मी खोटं बोलू शकत होते. पण त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला लहान मुलीसारखं रडायला आलं. "नाही आला, काकू," मी म्हटलं. "आणि मीही नाही केला."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, धीर द्यायला. तर त्यांनी माझ्या मांडीवरचा फोन उचलला, माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "लाव."

मी मयेकरांकडे बघितलं. जगातल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारणारा तो माणूस घाईघाईने उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आपल्याला काही ऐकू येऊ नये म्हणून त्याने नळ पूर्ण सोडला.

मी फोन लावला. तीन रिंग झाल्या. चौथीला पलीकडून आवाज आला, "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

सुनंदाकाकूंनी खुर्चीतून जमेल तेवढं वाकून आपला कान माझ्या फोनला लावला, आणि नळ बंद कर म्हणून आत डाव्या हाताने जोरजोरात खुणा करायला लागल्या.