मामांच्या पिक्चरात मला रोल नाही

कळमनुरीचा आठवडी बाजार ऐन भरात असतो. गयाबाई मिरचीवाली तागडीत मिरच्या टाकत असते, गिऱ्हाईक "अजून जरा टाक की" म्हणून मागे लागलेलं असतं, आणि तेवढ्यात मागून आरोळी येते, "गयाबाई, हालू नको! हाय तशीच ऱ्हाय!" गयाबाई तागडी अधांतरी धरून थांबते. गिऱ्हाईक नवखं असलं तर तेही बिचारं जागच्या जागी थिजतं. त्याला वाटतं, साप निघाला. साप कुठला? यशवंतमामा असतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून त्यांनी चौकट केलेली असते. एक डोळा मिटलेला, दुसरा बारीक केलेला. बराच वेळ निरखून झालं की ते हात खाली घेतात.

"जमलं. जमीनदाराची बायको तूच."

"सोनं किती घालू मामा?"

"मावंल तेवढं घाल."

मग दिवसभर गयाबाई गिऱ्हाइकाशी जमीनदारणीच्या थाटात बोलते आणि भाव उतरवत नाही.

यशवंतमामा माझे सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गल्लीचे मामा. सिद्धेश्वरच्या धरणावर दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, यात त्यांची सारी नोकरी सरली. सुरुवातीची काही वर्षं तिथल्या वसाहतीत काढून ते या गल्लीत राहायला आले. आता रिटायर आहेत. मुलगी नांदेडला सासरी. घरात ते आणि पंचफुलामामी, दोघंच. मामींची नजर फार वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेली. दाराजवळच्या खाटेवर बसून त्या शेंगा फोडतात, लसूण सोलतात आणि पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. मी मूळची परभणीची, लग्न होऊन इथं आले आणि गावातल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागले. मामांची आणि माझी खरी ओळख तिथली.

मामा पुस्तक एकाच कारणासाठी वाचतात. ह्याचं पिक्चर व्हावं का नाही, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. पुस्तक परत करताना ते माझ्या टेबलावर दोन बोटं आपटतात आणि निकाल सांगतात. "ह्याचं पिक्चर व्हाया पायजे!" असं म्हणाले की पुस्तक पास. नापास असलं की विचारतात, "सूनबाई, ह्यात कॅमेरा कुठं ठिवायचा, तूच सांग." एकदा मी मोठ्या कौतुकानं त्यांना एक गाजलेली कादंबरी दिली. चौथ्या दिवशी परत. "अर्ध्या पुस्तकात मानूस खिडकीत बसून नुसता इचार करून राहिला. तवर कॅमेऱ्यानं काय करावं? चहा प्यावा?" मला ती कादंबरी फार आवडते. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मी ती उघडली की मला खिडकीबाहेर चहा पीत बसलेला कॅमेराच दिसतो.

पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव त्यांच्या कधीच लक्षात राहत नाही. "ती विहीर खचलेली दे," "ती तमाशातल्या ढोलकीवाल्याची दे," असं मागतात. आणि मला ती सापडते, कारण मामांनी सांगितल्यावर त्या पुस्तकात दुसरं काही लक्षात राहण्यासारखं उरतच नाही.

हे वेड आजचं नाही. मामा मूळचे डोंगरकड्याचे. त्यांच्या तरुणपणी साऱ्या गावाला हिंगोलीला जाऊन पिक्चर बघणं परवडायचं नाही. मग गाव एकाला पाठवायचं. तो एक म्हणजे मामा. ते टॉकीजात बसून पिक्चर डोळ्यांत भरून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून अख्खा सांगायचे, मारामारीसकट, रडण्यासकट. मध्येच थांबून "इंटर्वल!" म्हणायचे, आणि लोक खरोखर उठून चहा प्यायला जायचे. मामी सांगतात, "लग्नाच्या टायमाला माह्या बापानं इचारलं, पोरगं काय करतं? तर मध्यस्थ म्हनला, पिक्चर करतं. माहा बाप घाबरला ना!"

आता पिक्चर प्रत्येकाच्या खिशात आला. पारावर कोणी बसत नाही. म्हणून मामा पुस्तकांचे पिक्चर करतात, ज्यांचे कोणी केले नाहीत आणि बहुधा करणारही नाही त्यांचे. आणि त्यात काम कोण करतं? आपली गल्ली.

इथून पुढं मामांचं डोकं फिरलंय असं गल्लीचं मत आहे. कारण त्यांची पात्रनिवड! किराणा दुकानवाल्या दिगंबरशेठना डोक्यावर औषधाला केस नाही, गुडघ्याला पट्टा बांधून गल्ल्यावर बसतात. मामांच्या प्रत्येक पिक्चरात प्रेमात पडलेला तरणा हिरो कोण? दिगंबरशेठ. "कुरळे केस कपाळावर आलेत," मामा चौकटीतून बघत सांगतात. दिगंबरशेठ लाजतात, "काहून चेष्टा करता मामा," म्हणतात, आणि मामा गेल्यावर टकलावरून हळूच हात फिरवतात. मी स्वतः पाहिलंय.

जुने पोस्टमास्तर वारले त्याला किती काळ लोटला. पण पत्र घेऊन येणारा माणूस पुस्तकात असला की तो रोल त्यांचाच. "अहो मामा, मास्तर गेले की!" "पिक्चरात न्हाई गेले," मामा शांतपणे सांगतात.

माझे यजमान संजय चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेलं, सकाळी बीपीची गोळी. मामा त्यांना रस्त्यात गाठून सांगतात, "संजू, ह्या टायमाला तू शेळ्या राखनारं लेकरू हायस. चड्डी ढिली हाय, एका हातानं धरून पळायचं." आमचे हे "व्हय मामा" म्हणतात आणि ऑफिसला जातात. सासूबाईंना तर आजवर तीन रोल मिळाले. त्यांतल्या एकात त्या राणी होत्या. त्या पिक्चरानंतर महिनाभर त्यांनी मला भांडी घासताना ज्या सुरात सूचना दिल्या, तो सूर मी विसरणार नाही.

आणि मी? मला काहीच नाही. ज्या बाईनं पुस्तकं पुरवली, धूळ झाडून, फाटलेली पानं चिकटवून दिली, तिला साधा गर्दीतला रोल नाही! मामा माझ्याकडे चौकट धरून बघतसुद्धा नसत. एकदा मी तोंड उघडलंच. "मामा, मला काहून घेत नाही?" ते गडबडले. "तुहा चेहरा... बसत न्हाई सूनबाई." बसत नाही! घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले. नाक जरा बसकं आहे, कबूल. पण गल्लीत माझ्याहून बसक्या नाकाच्या दोघी हिरॉइनी होऊन गेल्या होत्या.

राग डोक्यात ठेवूनच मी परवा दुपारी त्यांच्या घरी गेले. नावाड्याची एक कादंबरी मामांनी वाचून परत केली होती, निकाल "व्हाया पायजे!" पण पुस्तकाच्या पानांत त्यांचा चष्मा राहिला होता. चष्मा परत करायचा आणि रोलचा सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच निघाले. दार उघडं होतं. मामा बोलत होते, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

आणि थांबले ती थांबलेच. मामा उभे होते, मामी खाटेवर. मामांनी पितळी परातीत पाणी घेतलं होतं आणि एका हातानं ते हळूहळू हलवत होते. चुबुक, चुबुक. "सकाळ हाय," ते म्हणाले. "धुकं. नदी दिसत न्हाई, नुसती आयकू येऊन राहिली. आता धुक्यातून होडीचं टोक आलं. फकस्त टोक." बाई गं! माझ्या अंगावर काटा आला. ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण ते टोक मला आत्ता दिसलं. परात माझ्या समोर होती, तरी मला नदीच दिसत होती, तिचा पार पल्याडचा काठ दिसत होता. माणूस एवढं कुठून आणतो? भर दुपारी, पत्र्याच्या घरात, एका परातीतून?

"थांबा," मामी म्हणाल्या. "काठावर कोन हाय?"

"दिगू."

"केस वल्ले झालेत का त्याचे?"

"चिंब. कपाळाला चिकटलेत."

"हां. दिसला." मामी हसल्या. "अन् मास्तर?"

"मास्तर मागून येऊन राहिले. सांग बरं, कसे दिसतात?"

मामी थांबल्या. हातातला लसूण थांबला. "चष्मा हाय... टोपी हाय..." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तोंड न्हाई येत हो. पुसलं."

"न्हाई पुसलं," मामा खाली बसत म्हणाले. "नाक लांब. हसले की वरचा दात दिसायचा, सोन्याचा. आपल्या पोरीला कडेवर घेतलं, तवा तिनं तो दात धरला होता, याद हाय?"

"व्हय की!" मामींचा चेहरा उजळला. "आले! आले मास्तर!"

मी उंबऱ्याबाहेरच उभी. हे पिक्चर मामा स्वतःच्या वेडापायी करतात असं आम्ही सारे समजत होतो. मामींना दिसत नाही हे तर मला ठाऊक होतं. पण दिगंबरशेठचे केस, मेलेले मास्तर, चड्डी धरून पळणारे आमचे हे, यांचा मामींशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. नजर गेली तेव्हा मामींनी जे चेहरे शेवटचे बघितले, तेच मामांच्या पिक्चरात काम करत होते. तेव्हा जसे होते तसे.

मामा मला बघून बाहेर आले. चष्मा घेतला, आवाज दबका केला. "चेहरे पुसून चाललेत तिचे, सूनबाई. एकेक करून. कामाला लावले की टिकतात. मी बाजारात चौकट धरून बघतो ना, त्या म्हाताऱ्या तोंडातलं जुनं तोंड हुडकत असतो. ते घेऊन घरी येतो." मग ओशाळून म्हणाले, "तुहा चेहरा वाईट न्हाई पोरी. तिनं बघितलाच न्हाई. म्हनून घेता येत न्हाई."

माझ्या बसक्या नाकाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "मग नावाडी कोण मामा? तो तर तुम्हीच करायला पाहिजे. जन्म पाण्यावर गेला तुमचा."

मामांनी चष्मा उगाच सदऱ्याला पुसला. "आजवर एकाबी पिक्चरात मी काम केलं न्हाई. भ्याव वाटतं. बाकीच्यांचं तोंड पुसलं तर मी सांगू शकतो. माहंच पुसलं असंल तर? ते मला कळलं, तर मी पुढं पिक्चर कसा सांगू?"



"काय कुजबुज करून राहिलात दारात?" आतून मामी. त्यांचे कान म्हणजे कान आहेत. "वाचनालयातली सूनबाई आली व्हय? ये आत. अहो, नावाडी कोन घेतला?"

मामा आत गेले. "मारुती. कोळीवाड्यातला."

"मारुती व्हय!" मामींनी नाक मुरडलं. "त्याला सोंग जमत न्हाई. नावाडी तुमी."

मामा परातीजवळ तसेच उभे राहिले.

"मी कसा दिसतो, ते..." मामा परातीतल्या पाण्याकडे बघत म्हणाले.

"मला काय इचारता? धरणाच्या वसाहतीत बघितलंय की. दरवाजे उघडून घरी यायचे तवा पॅन्ट गुडघ्याव वळलेली. एक पाय वर, एक खाली, कधी सारखी वळली न्हाई. डाव्या भुवईत जखमेची खून, तिथं केस न्हाई उगवले. कानात पानी गेलं म्हनून एका पायावर उड्या मारायचे दारात, अन् मी हसले की म्हनायचे, हसू नको, मी साहेब हाय." मामी लसूण सोलू लागल्या. "केव्हाचं ठिवलंय मी ते मानूस जपून. एकदाबी इचारलं न्हाई तुमी. मला वाटलं, तुमाला पिक्चरात यायचं न्हाई."

मामांनी डाव्या भुवईला हात लावला. तिथं आता पांढरे केसही विरळ झालेत, खूण शोधावी लागते. त्यांनी शोधली. डोळे त्यांनी पुसले नाहीत, मामींना ऐकू गेलं असतं.

"कॅमेरा कुठं ठिवू?" त्यांनी विचारलं.

"हितं. माह्यापाशी." मामींनी खाटेवर हात थोपटला. "अन् सूनबाईला पल्याडच्या काठाला उभी करा. नावाड्याला हाक मारनारं कोनी तरी लागतं ना? तिथं तोंड दिसायची गरज न्हाई. आवाज चांगला हाय पोरीचा, खणखणीत."

असा मला रोल मिळाला. मी उंबऱ्याच्या बाहेर गेले, पार रस्त्यावर. समोर दिगंबरशेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. बघू देत. दोन्ही हात तोंडाशी धरून मी गल्लीत ओरडले, "ओ नावाडीऽऽऽ!"

आत परातीतलं पाणी हललं. "आलोऽ," मामा म्हणाले. त्यांनी खरोखर पॅन्ट वळली होती, एक पाय वर, एक खाली.

मामींनी मान वर केली, आणि ते येईपर्यंत त्या त्यांना बघत राहिल्या.